ऑफ सीझनचं सोनं

इंदूरच्या माणसाशी उन्हाळ्याबद्दल बोलूच नये असं माझं स्पष्ट मत आहे, कारण त्याला उन्हाळा म्हणजे दुपारी बारा ते पाच एवढाच माहीत असतो. आमचं गाव माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर, दिवसा कितीही तापलं तरी संध्याकाळी वारं सुटतं, त्याला शब-ए-मालवा असं भारदस्त नाव पण आहे, आणि रात्री अकरा वाजता सराफ्यात, म्हणजे आमच्या रात्रीच्या खाऊबाजारात, उभं राहून भुट्ट्याचा कीस खाताना प्रत्येक इंदुरी माणूस शेजारच्याला सांगत असतो की काही म्हणा भिया, आपल्यासारखी हवा कुठेच नाही. ह्याच हवेने आमचा घात केला. अशाच एका गार रात्री, कीस खाता खाता, माझ्या नवऱ्याने डिक्लेअर केलं की मे महिन्यात जैसलमेरला जाऊ, आपल्या गाडीने, मस्त रोड ट्रिप.

नवऱ्याची ट्रिप ठरवायची पद्धत अशी की आधी हॉटेलचा रेट बघायचा आणि मग गाव. त्याला मोबाइलवर एक हॉटेल दिसलं होतं, डिसेंबरात साडेचार हजाराची रूम मे महिन्यात अकराशेला, ब्रेकफास्ट धरून, आणि वर लवकर आलात तरी चालेल, उशिरा गेलात तरी चालेल. मी म्हटलं अरे एवढं स्वस्त का असेल ह्याचा जरा विचार कर ना. तर म्हणे, गर्दी नाही म्हणून. आता गर्दी का नाही हा पुढचा प्रश्न, पण तिथपर्यंत तो कधी जातच नाही, स्वस्त दिसलं की त्याचा विचार थांबतो. लेक लगेच तयार झाली कारण तिला पिवळ्या किल्ल्यासमोर फोटो पाहिजे होते, आणि पिवळ्यावर कुठला रंग उठून दिसतो ह्याचा दोन दिवस अभ्यास करून तिने जे कपडे काढले ते सगळे काळे. मला आशा होती ती सासूबाईंकडून, म्हटलं आई तरी म्हणतील ह्या वयात एवढ्या उन्हात नको. पण आईंचं माहेर ग्वाल्हेरचं. ग्वाल्हेरच्या माणसाला उन्हाचा एक वेगळाच माज असतो, इंदूरच्या बेचाळीस डिग्रीला त्या लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी अजून 'कोमट' म्हणतात. त्या म्हणाल्या, जाऊ की, त्यात काय, आणि कांदे निवडायला बसल्या.

कांद्यांचं असं आहे की खिशात कांदा ठेवला की लू, म्हणजे उन्हाची झळ, लागत नाही. हे त्यांच्या माहेरी सिद्ध झालेलं आहे, त्यावर चर्चा नाही. प्रत्येकाला एक एक मध्यम साइझचा, लाल, कडक कांदा मिळाला. नवऱ्याने पँटच्या खिशात ठेवला, मी पर्समध्ये, आणि लेकीच्या जीन्सला खिसे नुसते नावाला म्हणून तिने मेकअपच्या पाउचमध्ये टाकला, त्याचे परिणाम पुढे तिच्या लिपस्टिकला भोगावे लागले.

रतलाम, मंदसौर, नीमच, चित्तौड, भीलवाडा, मग जोधपूरला मुक्काम, असा रूट. रतलामला थांबून पाच किलो सेव घेतली. ज्या राज्यात बिकानेर आहे त्या राज्यात आम्ही घरून सेव घेऊन चाललो होतो, पण हे इंदुरी माणसाला समजावता येत नाही, त्याला बाहेरगावी गेल्यावर जेवण आवडण्याची भीती नसते, सेव संपण्याची असते. सोबत जिरावणाची, म्हणजे वरून भुरभुरायच्या मसाल्याची, डबी. सोबत गाडीत दोन पिशव्या, ओला कचरा आणि सुका कचरा, कारण २०१७पासून आमच्या गावाचा स्वच्छतेत नंबर यायला लागला तेव्हापासून आमच्या घरात केळ्याचं साल हातात घेऊन माणूस अस्वस्थ होतो. घरी तर सहा प्रकारचा कचरा वेगळा करतो, गाडीत जागा नाही म्हणून दोनावर भागवलं.

जोधपूरपर्यंत एसीने साथ दिली. जोधपूर ते जैसलमेर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे, रस्ता सरळ, इतका सरळ आणि इतका गुळगुळीत की आपल्याकडच्या माणसाला संशय यावा, आणि दोन्ही बाजूला हळूहळू झाडं कमी होत जातात, मग खेजडीची एखाद दोन, मग नुसती झुडपं, मग ती पण नाही. डॅशबोर्डवरचा बाहेरच्या टेंपरेचरचा आकडा मात्र एक एक करून वाढत होता आणि नवरा तो आकडा क्रिकेटचा स्कोअर सांगावा तसा सांगत होता. त्रेचाळीस. चव्वेचाळीस. सेहेचाळीस झालं तेव्हा त्याने स्वतः आवाज बारीक केला. मी फोनवर बघून सांगितलं की पोखरणच्या जवळ जे फलोदी आहे ना, तिथे १९ मे २०१६ ला एक्कावन्न डिग्री झालं होतं, देशातला रेकॉर्ड. आई मागून म्हणाल्या, बघा, म्हणजे अजून पाच बाकी आहेत.

पोखरणला चमचमसाठी थांबलो, इथला चमचम फेमस आहे, आणि गाडीचं दार उघडल्यावर जी हवा आत आली ती मी विसरणार नाही, बंद खोलीत दिवसभर इस्त्री चालू ठेवून कोणी दार उघडावं तशी. तिथेच मला एकदम लक्षात आलं की देशाने अणुचाचण्या केल्या १८ मे १९७४ ला आणि मग ११ आणि १३ मे १९९८ ला. दोन्ही वेळेस जागा पोखरण, महिना मे. शास्त्रज्ञांची काय कारणं असतील ती असोत, पण गुप्तता पाळायला ह्याच्यापेक्षा चांगला मुहूर्त नाही, मे महिन्यात दुपारी इथे कोण बघायला येणार. नवरा म्हणाला, आपण आलो ना. मी म्हटलं तेच म्हणून राहिले मी.

आणि मग जैसलमेर दिसलं. इथे मी खरं बोलणार, कारण उगाच सगळंच वाईट लिहिलं तर पाप लागेल. सपाट, फिकट, काहीही नसलेल्या जमिनीवर एकदम एक टेकडी आणि टेकडीवर तो किल्ला, जमिनीच्याच रंगाचा, म्हणजे जमिनीलाच वाटलं असावं की जरा उभं राहून बघू. रावळ जैसलने ११५६ मध्ये वसवलेला, नव्व्याण्णव बुरूज, आणि गंमत म्हणजे आत अजून लोक राहतात, वाळत घातलेले कपडे, डिशच्या छत्र्या, स्कूटर, सगळं. उन्हं कलली की तो पिवळा दगड असा काही पेटतो की सोनार किल्ला का म्हणतात ते कोणी सांगावं लागत नाही. आम्ही चौघंही गप्प झालो. मग लेक म्हणाली की लाइट परफेक्ट आहे, उतरा लवकर, आणि काळ्या कपड्यात सोळा पोझ देऊन झाल्यावर ती गाडीत येऊन पडली ती हॉटेल येईपर्यंत बोलली नाही.

हॉटेलमध्ये अख्ख्या बिल्डिंगमध्ये आम्ही एकटे. मॅनेजरने रजिस्टर उघडलं तर आमच्या आधीची एंट्री मार्चमधली होती. त्याने आमच्याकडे असं बघितलं, त्या बघण्यात खम्मा घणी, म्हणजे त्यांचा नमस्कार, पण होतं आणि काळजी पण होती. रूम छान, नक्षीचा झरोका, गालिचा, भिंतीवर उंट. नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा, अकराशेत, अकराशेत, असं तो प्रत्येक वस्तूला हात लावून म्हणत होता. मग त्याने तोंड धुवायला नळ सोडला आणि आतून जो आवाज आला तो ऐकून मॅनेजर खालून धावत आला.

टाकी गच्चीवर. काळी. दिवसभर सेहेचाळीस डिग्रीत. गरम पाण्याचा नळ आणि गार पाण्याचा नळ ह्यात फरक एवढाच की गरम पाण्याच्या नळाला गीझर होता. मॅनेजरने समजावलं की साब, नहाने का पानी रात को बाल्टी में भर के रखते हैं, सुबह तक ठंडा हो जाता है. म्हणजे आंघोळीचं नियोजन आदल्या रात्री. मग रोज झोपायच्या आधी बाथरूममध्ये बादल्यांची रांग, कोणाची कुठली ह्यावरून वाद, आणि लेकीने रात्री दोन वाजता माझी बादली पाय धुवायला वापरली ह्यावरून सकाळी जे झालं ते मी लिहीत नाही. पण खरी मजा अशी की आईंना ह्याचं काहीच वाटलं नाही, त्यांनी मॅनेजरकडून एक मातीचा माठ मागून घेतला, त्याला ओलं फडकं गुंडाळून झरोक्यात ठेवला, आणि कोरड्या हवेत तो इतका गार झाला की मिनीफ्रिजमधल्या बाटल्यांकडे कोणी बघेना. त्या बाटल्यांचे पैसे वेगळे होते हे आम्हाला चेकआउटला कळलं. पिऊन झाल्या होत्या तेवढ्या झाल्या होत्या.

कोरड्या हवेबद्दल नवऱ्याची एक थिअरी होती. तो म्हणत होता, बघ, घामच येत नाही, मुंबईपेक्षा कितीतरी बरं. घाम येत होताच. येतो आणि येता येताच उडून जातो, त्यामुळे आपल्याला कळत नाही की शरीरातलं पाणी चाललंय, आणि संध्याकाळी त्याच्या निळ्या शर्टवर पाठीला आणि काखेत मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या, नकाशात समुद्रकिनारा काढतात तशी वेडीवाकडी बॉर्डर. तोंडात जीभ टाळूला चिकटलेली. ओठ फुटलेले, हसलं की दुखायचं, त्यामुळे त्याच्या जोकवर कोणी हसत नव्हतं आणि पहिल्यांदा त्याचं कारण जोक नव्हता.

दुसऱ्या दिवशी किल्ला. ब्रेकफास्ट फुकट होता म्हणून नवऱ्याने तो पूर्ण वसूल करायचं ठरवलं, पराठे, परत पराठे, मग चहा, मग अजून चहा, आणि ह्या नादात आम्ही किल्ल्याच्या पहिल्या दरवाज्याशी पोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. खाली बाजारात दुकानांची शटर पडायला लागली होती. मला वाटलं बंद वगैरे आहे की काय. अखै प्रोल, सूरज प्रोल, गणेश प्रोल, चढण चढत चाललो, पायाखालचा दगड गुळगुळीत आणि तापलेला, चपलेतून कळत होता. गणेश प्रोलच्या पुढे एका गाईने आम्हाला बघितलं. जैसलमेरमध्ये गाई भरपूर, कोणाला काही करत नाहीत, पण ह्या गाईने नवऱ्याच्या खिशाकडे मान लांब केली. तो बाजूला झाला. गाय पण बाजूला झाली. त्याला कांदा आठवलाच नाही, त्याला वाटलं ही मारकी आहे, तो भराभर चालायला लागला तर गाय पण चालायला लागली, आणि त्या चढणीवर, भर उन्हात, पुढे नवरा एका हाताने खिसा धरून, मागे गाय, मागे लेक व्हिडिओ काढत. मी ओरडले, अरे कांदा, कांदा टाक. त्याने जे ऐकलं ते देव जाणे, त्याने वेग वाढवला. शेवटी एका दुकानातल्या आजोबांनी हातातल्या पेपरने गाईला हटकलं. कांदा त्याने फेकला नाहीच. आईंनी दिलेला होता.

हवा प्रोलला पोचलो. हा शेवटचा दरवाजा आणि त्याचं नाव खोटं नाही, त्या कमानीखाली कुठून तरी वारं खेचलं जातं, बाहेर भट्टी आणि इथे चक्क पदर उडतोय. दोन्ही बाजूंच्या दगडी ओट्यांवर गावातली म्हातारी मंडळी बसलेली, आडवी झालेली, एक जण पेपर वाचून राहिलेला. आई तिथे बसल्या आणि म्हणाल्या, तुम्ही या जाऊन. मी म्हटलं आई, आत राजवाडा आहे, जैन मंदिरं आहेत, बाराव्या शतकापासूनची कामं आहेत. त्या म्हणाल्या असू दे, दगडाचंच आहे ना, राहील. आम्ही आत जाऊन आलो. मंदिरं सकाळीच बघायची असतात, आम्ही पोचेपर्यंत दारं बंद. तासाभराने लाल होऊन परत आलो तर आईंच्या हातात कोणीतरी दिलेलं ताक होतं आणि त्यांना गावाची बरीचशी माहिती झालेली होती. कोणाचा मुलगा अहमदाबादला, कोणाच्या घराला पाणी झिरपतंय, नहर यायच्या आधी कसं गडीसर तलावाचंच पाणी सगळं गाव प्यायचं. आणि मुख्य म्हणजे हे की सगळी कामं दहा साडेदहापर्यंत उरकायची, मग घरात, पडदा, झोप, आणि पाचनंतर परत दुकान. पेपरवाले काका त्यांना म्हणाले होते, दोपहर में तो यहाँ कुत्ता भी बाहर नहीं मिलेगा बाईसा. मग माझ्या नवऱ्याकडे बघून त्यांनी पेपर परत वर केला.

हे मला आवडलं आणि मग मी जैसलमेर वेगळ्या नजरेने बघायला लागले. हे गाव साडेआठशे वर्षांहून जास्त काळ उन्हापासून लपायचा धंदा करून राहिलंय. गल्ल्या एवढ्या अरुंद की समोरासमोरची घरं एकमेकांवर सावली धरतात. पटवों की हवेलीत गेलो, तिथे गाइड फक्त नक्षी दाखवत होता, पण नीट बघा, प्रत्येक झरोका भिंतीच्या पुढे आलेला आहे, म्हणजे वरचा झरोका खालच्याला छत्री, आणि जाळीच्या बारीक भोकांतून वारा येतो, ऊन येत नाही, बाईमाणसाला रस्ता दिसतो, रस्त्यावरच्याला ती दिसत नाही. १८०५ मध्ये गुमानचंद पटवांनी बांधायला घेतली, पाच मुलांसाठी पाच हवेल्या, पन्नासेक वर्षं काम चाललं. आणि आपण काय करतो, इंदूरला बायपासवर अख्खी काचेची बिल्डिंग उभी करतो, मग आतून पडदे लावतो, मग लाइट लावतो, मग एसी, आणि बिल आलं की वीज कंपनीच्या नावाने बोटं मोडतो.

गाइडने सांगितलं की पटवे जरीचा, सोन्याचांदीचा आणि अफूचा व्यापार करायचे. अफू म्हटल्यावर नवरा जागा झाला. कारण अफू म्हणजे माळवा, आत्ता आलो ना आपण त्या मंदसौर नीमचहून, आणि एकोणिसाव्या शतकात आमच्या माळव्याची अफू पाली, जैसलमेर करत उंटांवरून कराचीला जायची, इंग्रजांचा टॅक्स चुकवायला. एवढंच नाही, १९२६ ते १९३९ होळकरांच्या इंदूर संस्थानचे पंतप्रधान असलेले सर सिरेमल बापना, ते ह्याच घराण्यातले. झालं. नवऱ्याला त्या हवेलीत एकदम माहेरपण आलं. तिकीट खिडकीवर जाऊन तो खरंच विचारून आला की इंदूरवालों को कुछ कन्सेशन है क्या. नव्हतं. मी तिथे नव्हतेच असं मी ठरवलंय.

नथमल की हवेली मात्र मला सगळ्यात जास्त आवडली. १८८५ ची. दोन भाऊ होते, हाथी आणि लालू, एकाने उजवी बाजू करायला घेतली, एकाने डावी, आणि पूर्ण झाल्यावर बघितलं तर दोन्ही बाजू जुळत नाहीत. आमच्या सुदामानगरच्या घराचं पण दोघा भावांनी असंच केलंय, वरचा मजला दिरांचा, खालचा आमचा, पण ते बघायला तिकीट काढून कोणी येत नाही.

जेवणाचा विषय थोडक्यात सांगते कारण त्याने अजून डोकं तापतं. दाल बाटी मागवली. आता आमच्या माळव्यात बाफले असतात, कणकेचा गोळा आधी पाण्यात उकळायचा आणि मग भाजायचा, म्हणजे आतून मऊ, तुपात लगेच विरघळतो. बाटी थेट भाजतात. ह्या विषयावर नवरा आणि वेटर ह्यांच्यात जे सुरू झालं ते मालकापर्यंत गेलं, मालक आला आणि म्हणाला की साब, जहाँ पीने को पानी नहीं था वहाँ आटा उबालेगा कौन? ह्यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. वर्षाला जेमतेम दोनशे मिलिमीटर पाऊस पडतो त्या गावाला आम्ही उकळायला सांगत होतो. आई हसल्या, ओठ फुटले तरी हसल्या. मग केर सांगरीची भाजी आली, त्यावर नवऱ्याने सेव आणि जिरावण टाकलं, मालकाने ते बघितलं आणि आत निघून गेला. केर सांगरी अप्रतिम होती, सेव बाजूला केल्यावर.

दुपारचं खरं तर झोपायचं. आई झोपायच्या. पण पेट्रोल जाळून आलोय, एवढ्या लांब येऊन झोपायचं का, हे नवऱ्याचं म्हणणं, म्हणून दीड वाजता कुलधरा. पालीवाल ब्राह्मणांचं गाव, आख्यायिका अशी की दिवाण सालिम सिंहच्या जाचाला कंटाळून एका रात्रीत सगळे गाव सोडून गेले आणि शाप देऊन गेले, भुतांचं गाव म्हणतात. लेकीला भूत पाहिजे होतं. दीड वाजता, मे महिन्यात, पडक्या घरांच्या त्या पिवळ्या ओळींमध्ये आमच्याशिवाय काहीही हलत नव्हतं, भूत सुद्धा जिथे सावली असेल तिथेच बसलं असणार. एका रात्रीत का गेले ह्याच्या खूप थिअऱ्या आहेत. मी तिथे दहा मिनिटं उभी होते, मला विचाराल तर रात्री निघाले हेच शहाणपण, दिवसा निघाले असते तर पोचले नसते. परत गाडीत बसताना सीटबेल्टचं बक्कल माझ्या मनगटाला लागलं, त्याचा चौकोनी डाग पंधरा दिवस होता, ऑफिसात सगळे विचारत होते.

आणि शेवटी सम. जैसलमेरला जाऊन वाळू नाही बघितली तर काय बघितलं. चाळीस किलोमीटर पश्चिमेला, तिथे वाळूच्या टेकड्या, उंट, सूर्यास्त, असं पॅकेज. डिसेंबरात तिथे म्हणे उंटांची ट्रॅफिक जाम होते. आम्ही गेलो तेव्हा सगळे उंटवाले एकदम आमच्या गाडीकडे धावत आले, एवढ्या लोकांनी आमचं स्वागत लग्नात पण केलं नव्हतं. नवऱ्याने खूप घासाघीस करून चौघांचं सनसेट पॅकेज अर्ध्या किमतीत ठरवलं, वर एक चहा फुकट. उंटावर चढताना तो आधी मागून उठतो आणि आपण पुढे जातो, मग पुढून उठतो आणि आपण मागे, ह्या दोन झटक्यांत नवऱ्याच्या खिशातला कांदा फुटला. पूर्ण सफरभर तो वास. उंटाने एकदा मान वळवून मागे बघितलं आणि नाकपुड्या मिटून घेतल्या. त्यांना तशा मिटता येतात.

आता सूर्यास्त. घड्याळ आपलं देशभर एक, पण जैसलमेर इतकं पश्चिमेला आहे की इंदूरला सात सव्वासातला संध्याकाळ होते आणि इथे सात वाजता सूर्य आपला निवांत वर, त्याला कुठे जायची घाई नाही. टेकडीवर चढून, वाळूत बसून (वाळू वरून निवलेली वाटते, बसल्यावर कळतं की नाही) आम्ही वाट बघत होतो. नवऱ्याने सवयीने आजूबाजूचे चिप्सचे रिकामे पुडे गोळा करून सुक्या कचऱ्याच्या पिशवीत भरले, आणि उंटवाले ते बघत राहिले. सात वीस. लेकीने काळी ओढणी सोडून पोझ घेतली. तेवढ्यात आई म्हणाल्या की तिकडे बघ, पश्चिमेला काय आहे ते. पश्चिमेला एक तपकिरी भिंत होती. आणि ती चालत होती.

आंधी, उंटवाला म्हणाला, अगदी साध्या आवाजात, आणि त्याने उंटांना खाली बसवलं. उंट वाऱ्याकडे पाठ करून बसले, नाक बंद, डोळ्यांवर तो त्यांचा पारदर्शक तिसरा पडदा, वर दोन ओळी पापण्यांच्या, सगळी सोय देवाने करून दिलेली. आम्हाला एक गमछा, दोन ओढण्या आणि आईंचा पदर. पुढची वीस मिनिटं मला फक्त आवाज आठवतो आणि दातांखालची कचकच, कानात वाळू, नाकात वाळू, जिथे वाळू जाऊ शकते आणि जिथे जाऊ शकत नाही तिथे पण वाळू. लेक माझ्या कुशीत. आई उंटाला टेकून बसल्या होत्या, पदर डोक्यावरून घट्ट, आणि बोलून राहिल्या होत्या, कोणाशी ते कळेना, नंतर कळलं की उंटाशी. त्याला ग्वाल्हेरबद्दल सांगत होत्या.

वारं पडलं तेव्हा अंधार होता. पण काय सांगू, हवा गार होती. खरी गार. चौघंही वाळूने माखलेले, एकाच रंगाचे, लेकीचे काळे कपडे पहिल्यांदा पिवळे झालेले, आणि टेकडीवर चहा आला, त्यातही वाळू, तो आम्ही प्यायलो. मग पैसे द्यायची वेळ आली आणि नवऱ्याने खिशातून हात काढून, कांद्याच्या वासाचं पाकीट उघडून, उंटवाल्याला सांगितलं की भैया, पॅकेज में सनसेट था, सनसेट तो हुआ नहीं, आधा पैसा कम करो.

उंटवाल्याने पगडीच्या टोकाने डोळे पुसले. म्हणाला, साब, सूरज तो टेम पे डूबा है. आपने मुँह पे गमछा बाँध रखा था.

आई म्हणाल्या, दे रे पूर्ण. आणि उंटाचे वर पन्नास दे, त्याने ऐकून घेतलं सगळं. नवऱ्याने तोंड वाकडं करून दिले. उंटवाल्याने नोटा मोजल्या, झटकल्या, वाळू पडली, खिशात घातल्या, आणि मग अगदी प्रेमाने विचारलं की साब, कल सुबह सनराइज करोगे क्या, ऑफ सीझन है, रेट और कम लगा दूँगा.

मी लेकीचा हात धरला, आईंना उठवलं, तिघी गाडीत जाऊन बसलो आणि आतून लॉक केलं. काचेतून दिसत होतं, नवरा दोन पावलं गाडीकडे आला होता आणि थांबला होता. मग वळला.

"कितना कम?"